पाठ होतं, पण पेपरात उतरत नव्हतं : बारावीच्या इतिहासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी नागपूरच्या महाल भागात राहणारी. बारावी कला शाखा, मराठी माध्यम, राज्य मंडळ. ओळख पटू नये म्हणून नाव आणि कॉलेज गाळलं आहे, घरचे एकदोन तपशीलही फिरवले आहेत. मी इतिहास शिकवते आणि संध्याकाळी वस्तीतल्या एका अभ्यासिकेत बसते. ही मुलगी तिथे नेमाने यायची, कोपऱ्यातली जागा पकडायची आणि दिवे मालवेपर्यंत उठायची नाही.

घरी आई डबे करते. सकाळच्या पोळ्या लाटून झाल्या की मुलगी कॉलेजला निघायची, त्यामुळे अभ्यासाला संध्याकाळ आणि रात्र एवढाच वेळ. राज्यशास्त्र, समाजशास्त्र बरं होतं, मराठीत तर वर्गात पुढे. गाडी अडली होती ती इतिहासात. सहामाहीत ५० पैकी १८ पडले होते. डिसेंबर लागला तेव्हा तिची आई डब्यांची पिशवी हातात घेऊनच अभ्यासिकेत आली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी रात्रीपर्यंत पुस्तक घेऊन बसून राहते. मी पाहतो ना. मग मार्क काहून नाही येऊन राहिले?"

प्रश्न रास्त होता. मुलगी आळशी असती तर उत्तर सोपं होतं.

ज्यांचा बारावीच्या इतिहासाशी संबंध सुटून बरीच वर्षं झाली, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सध्याच्या पाठ्यपुस्तकात बारा प्रकरणं आहेत. युरोपातल्या प्रबोधनापासून सुरुवात होते, मग वसाहतवाद, मराठे, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, संस्थानांचं विलीनीकरण, महायुद्धं, जगातलं निर्वसाहतीकरण (म्हणजे वसाहतींचं स्वतंत्र होणं), शीतयुद्ध आणि शेवटी बदलता भारत. लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, आणि २० गुण अंतर्गत. पेपरात योग्य पर्याय, चुकीची जोडी, संकल्पनाचित्र, नकाशावरचे प्रश्न, टीपा, 'सकारण स्पष्ट करा', 'तुमचे मत नोंदवा' आणि दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे लिहायचं सविस्तर उत्तर, असे सगळे प्रकार असतात. म्हणजे एकाच माहितीला चार वेगवेगळे कपडे घालून उभं करावं लागतं. घोकंपट्टी करणाऱ्या मुलांना एकच कपडा माहीत असतो, तो म्हणजे पुस्तकातला परिच्छेद.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दिवशी तिने पाठ्यपुस्तक दाखवलं. तीन रंगांचे हायलाइटर वापरलेले. काही पानांवर रंग न लागलेली ओळ शोधावी लागत होती. प्रकरण किती वेळा वाचलं त्याच्या खुणा समासात, कुठे चार, कुठे सहा. कष्टांचा पुरावा म्हणून हे पुस्तक मंडळाला पाठवावं असं.

मला पुस्तकापेक्षा सहामाहीची उत्तरपत्रिका हवी होती. ती कॉलेजात गठ्ठ्यात बांधून ठेवलेली होती, मुलांना फक्त गुण सांगितले होते. तिने विनंती करून, वर्गशिक्षिकेची सही घेऊन तिची झेरॉक्स आणली. यातच चार दिवस गेले, पण पुढचं सगळं त्या झेरॉक्सवर उभं राहिलं.

गेलेल्या प्रत्येक गुणासमोर आम्ही तीनपैकी एक खूण केली. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण ऐन वेळी आठवलं नाही, आणि लिहिलं ते बरोबर होतं पण विचारलं वेगळंच होतं. तिची खात्री होती की पहिला ढीग मोठा निघेल. तो सगळ्यात लहान निघाला. सगळ्यात मोठा तिसरा.

एक उत्तर इथे जवळून पाहण्यासारखं आहे. प्रश्न होता : 'लॉर्ड डलहौसीने अनेक संस्थाने खालसा केली. सकारण स्पष्ट करा.' तिचं उत्तर असं सुरू होत होतं : "लॉर्ड डलहौसी हा भारताचा गव्हर्नर जनरल होता. तो १८४८ ते १८५६ या काळात होता. त्याने रेल्वे, तारायंत्र व टपाल सुरू केले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे रेल्वे धावली." पुढे आठ ओळींत सातारा, झाशी, नागपूर, अवध ही नावं ओळीने. एकही वाक्य खोटं नाही. पण 'का' याचं उत्तर कुठेच नाही. शिवाय दत्तक वारस नामंजूर करून खालसा केलेल्या संस्थानांच्या यादीत अवध घुसलेलं. ते १८५६ साली गैरकारभाराच्या सबबीवर घेतलं होतं, वारस नसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. चुकीच्या जोडीत नेमकं हेच विचारतात.

दुसरी चाचणी तिथेच घेतली. पुस्तक मिटून मराठ्यांच्या प्रकरणावर जे आठवेल ते लिही म्हटलं. कशाबशा सहा ओळी आल्या. मग मी तोंडी विचारत गेले. पानिपत कधी? "१७६१." वसईचा तह कोणी केला? "दुसऱ्या बाजीरावाने, १८०२." नुसता धागा दिला की सगळं बाहेर येत होतं. पेपरात असा धागा द्यायला कोणी बसलेलं नसतं, तो आपला आपल्याला काढावा लागतो, आणि त्याची सवय तिने कधी केलीच नव्हती. वाचताना समोरचं वाक्य ओळखीचं वाटायचं आणि त्या ओळखीलाच ती 'येतं' समजत होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मावशीचा : नंदनवनकडे एक क्लास आहे, तिथे शेवटच्या दोन महिन्यांची तुकडी निघते, तिला घाला. फी घरच्यांनी जमवलीही असती. पण जाण्यायेण्यात संध्याकाळ संपली असती, आणि क्लासात मिळणार काय तर पुन्हा एकदा समजावून सांगितलेलं प्रकरण. तिचा तो ढीग लहान होता.

दुसरा पर्याय तिच्या मैत्रिणींचा : अपेक्षित प्रश्नांचा संच आणायचा आणि त्यातली उत्तरं पाठ करायची. हा पर्याय मी सरसकट उडवून लावला नाही. संचातले प्रश्न कामाचे असतात. उत्तरं मात्र दुसऱ्याची असतात, आणि पाठ केलेल्या उत्तराला प्रश्नातला एक शब्द बदलला तरी धाप लागते. प्रश्न घ्यायचे आणि उत्तरांची पानं पिन मारून बंद करायची, असं ठरलं. तिने खरोखर स्टेपलर मारला.

तिसरा पर्याय तिचा स्वतःचा : प्रकरणं ऑप्शनला टाकायची. शीतयुद्ध आणि जगातलं निर्वसाहतीकरण सोडून द्यायचं. "तिकडचं काही डोक्यात नाही बसून राहिलं मॅडम, सगळी नावंच वेगळी." यावर आमची सगळ्यात जास्त वादावादी झाली. मोठ्या प्रश्नांत निवड असते हे खरं, पण वस्तुनिष्ठ प्रश्न आणि संकल्पनाचित्र कुठल्याही प्रकरणातून येऊ शकतात. पूर्ण प्रकरण सोडणं म्हणजे सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण सोडणं. शेवटी तडजोड झाली : ही दोन प्रकरणं दीर्घोत्तरासाठी नाही, फक्त नावं, साल, संकल्पना आणि टीपेपुरती करायची. शीतयुद्धाचं एक पान बनलं. नाटो १९४९, सिएटो १९५४, वॉर्सा करार १९५५, त्याच वर्षी बांडुंग परिषद, १९६१ मध्ये बर्लिनची भिंत आणि बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद, १९६२ चा क्यूबाचा पेच, १९८९ मध्ये भिंत पडली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. एवढ्या पानावर टीप निभावते.

चौथा पर्याय, सगळ्या पुस्तकाच्या सुवाच्य नोट्स काढायचा, तिने आधीच सुरू केला होता. दोन प्रकरणांच्या सुंदर वह्या तयार होत्या. तो तिथेच थांबवायला सांगितला. तिला वाईट वाटलं, पण पुस्तक समोर ठेवून उतरवणं म्हणजे हाताला व्यायाम आणि डोक्याला सुट्टी.

उरला पाचवा पर्याय : रोज कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची.

काय केलं

पद्धत साधी होती. एक प्रकरण एकदा नीट वाचायचं, तेही रंग न मारता. पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, आठवणं थांबलं तरी आणखी थोडा वेळ तसंच बसायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. पुढच्या वेळी आधी कालचा लाल भाग आठवायचा.

पहिला आठवडा जड गेला. "हे केलं की वाटते मला काहीच येत नाही. वाचत होते तेव्हा तरी बरं वाटत होतं," ती म्हणाली. इथे पद्धत सुटण्याची खरी भीती होती, म्हणून तिला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून मग न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. गंमत म्हणजे खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच. बरं वाटणं आणि येणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे तिला माझ्या शब्दावर पटलं नसतं, प्रयोगामुळे थोडंफार पटलं.

उजळणीच्या तारखा घरच्या कालनिर्णयावर टाकल्या. आज केलेलं प्रकरण उद्या पाच मिनिटं, चार दिवसांनी परत, मग पंधरवड्याने. विसरणं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू होतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडून ठेवलं आहे, त्यामुळे पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब अंतराने. दुधाच्या हिशेबाशेजारी 'प्र. ४' असं लिहिलेलं बघून आईलाही कळायला लागलं की आज काय करायचं आहे. पोळ्या लाटताना तीच विचारायची, "आज चार नंबर ना? सांग मग." आईचं शिक्षण आठवीपर्यंतचं. पण 'मग काय झालं' आणि 'काहून झालं' हे दोन प्रश्न विचारायला आठवी पुरते, आणि इतिहासाच्या उत्तराला याहून जास्त लागतही नाही.

सनावळ्यांचं वेगळं काम केलं. सुटी सालं पाठ करणं बंद केलं. त्याऐवजी काही मोजकी सालं खुंट्यांसारखी पक्की ठोकली आणि बाकीची त्यांना टांगली : १४५३ कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, १६०० ईस्ट इंडिया कंपनी, १७५७ प्लासी, १८१८ पेशवाईचा अंत, १८५७ चा उठाव, १८८५ काँग्रेसची स्थापना, १९२० असहकार, १९४७, १९९१. एखादी घटना आली की ती कुठल्या दोन खुंट्यांमध्ये बसते एवढं आधी सांगायचं, नेमकं साल नंतर. असहकार, सविनय कायदेभंग आणि छोडो भारत ही तीन आंदोलनं तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळली होती. ती वेगवेगळ्या दिवशी न करता मुद्दाम एकाच दिवशी, एकाच कागदावर तीन रकान्यांत लिहून घेतली : तात्कालिक कारण काय, कोणी काय सोडलं किंवा मोडलं, थांबलं कसं. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. असहकार फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर मागे घेतलं गेलं, हा मुद्दा त्यानंतर दांडीच्या रकान्यात कधी गेला नाही.

नागपूरचा उपयोग, आणि त्याचा धोका

महालात राहणाऱ्या मुलीला नागपूरकर भोसल्यांबद्दल परकं वाटावं हे मला खटकत होतं. ती रोज भोसल्यांच्या वाड्याच्या परिसरातून जाते, आणि पुस्तकातलं 'नागपूर' तिच्यासाठी यादीतलं एक नाव होतं. म्हणून डलहौसीचं ते उत्तर इथूनच पुन्हा बांधलं. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, पोटचा मुलगा नव्हता, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. सबब दत्तकाची. पण कंपनीला हे राज्य हवं का होतं? मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणाऱ्या पट्ट्यात ते बसत होतं, इथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, आणि निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सबब एक आणि कारणं निराळी, हे एकदा तिला आपल्या गावावरून कळलं आणि मग सातारा, झाशी समजावून सांगावं लागलं नाही. नवं उत्तर चार कारणांचं झालं, प्रत्येक कारणामागे एक उदाहरण, आणि शेवटचं वाक्य मूळ विधानाशी नेऊन जोडलेलं. रेल्वे आणि टपाल बाहेर. अवध आत, पण वेगळ्या सबबीचं उदाहरण म्हणून.

असंच काँग्रेसच्या डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाचं. असहकाराचा ठराव आधी सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात झाला आणि नागपुरात त्यावर शिक्कामोर्तब झालं. १९२३ चा झेंडा सत्याग्रहही इथलाच.

पण गावाच्या अभिमानाची एक बाजू जानेवारीत कळली. मराठ्यांच्या सत्तेच्या अस्तावर प्रश्न होता. तिने सीताबर्डीच्या लढाईवर अर्धं पान लिहिलं, टेकड्या, अरब सैनिक, अप्पासाहेब भोसले, सगळं. नोव्हेंबर १८१७ मध्ये पाच तारखेला खडकी आणि सव्वीस-सत्तावीसला सीताबर्डी, तीन आठवड्यांत पेशवे आणि भोसले दोघांचा पराभव, हे एका वाक्याचं काम होतं. तपासनीसाने अर्ध्या पानाला एक गुण दिला. योग्यच दिला.

प्रश्नातलं क्रियापद

उत्तर लिहिण्याआधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची, हा नियम सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा ठरला. 'सकारण स्पष्ट करा' असेल तर पहिल्याच वाक्यात कारण आलं पाहिजे, प्रस्तावना नको. 'टीप लिहा' म्हणजे काय, कुठे, कधी, कोणी आणि महत्त्व काय. 'तुमचे मत नोंदवा' मध्ये मुलं घाबरून दोन्ही बाजू लिहितात आणि मत द्यायचं विसरतात. मत आधी, मग पुस्तकातले दोन-तीन आधार. दीर्घोत्तरात मुद्दे दिलेलेच असतात. त्यांचीच उपशीर्षकं करायची, स्वतःची नवी काढायची नाहीत.

हे तिला मी सांगून कळलं नाही. कळलं ते बाकावरच्या मैत्रिणीमुळे. दोघींनी एकमेकींची उत्तरं तपासायला घेतली आणि मैत्रिणीने तिच्या समासात पेन्सिलने लिहिलं, "हे विचारलंय कुठं?" दुसऱ्याचं उत्तर तपासताना भरताड लगेच दिसतं. मग स्वतःचंही दिसायला लागतं.

मधला पेच : सराव परीक्षा

जानेवारीतल्या सराव परीक्षेत ८० पैकी ३९ पडले. घरात नाराजी. एवढा खटाटोप करून एवढेच? मावशीने क्लासचा विषय पुन्हा काढला, आणि ती स्वतःही डळमळली. रात्री पुन्हा हायलाइटर निघाल्याचं मला दुसऱ्या दिवशी बोटांवरून कळलं.

निर्णयाची खरी जागा ही होती. पद्धत चुकली की पद्धतीत काही राहून गेलं? पुन्हा उत्तरपत्रिका, पुन्हा तीन ढीग. या वेळी तिसरा ढीग बराच आटला होता, पण नवा चौथा तयार झाला होता : लिहायलाच न मिळालेलं. दोन सविस्तर उत्तरांपैकी एक अर्धवट आणि एक टीप कोरी. वेळ कुठे गेला ते शोधायला फार डोकं लागलं नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरं तिने काळ्या-निळ्या पेनांनी, पट्टीने रेघा मारून, संकल्पनाचित्राला दुहेरी चौकट करून सजवली होती.

हिशेब मांडला. १८० मिनिटं, ८० गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. चार गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटं, त्यात प्रश्न वाचणं आणि विचार करणंही आलं. तिला एका गुणाच्या प्रश्नाला चार-पाच मिनिटं लागत होती.

क्लास लावला नाही. नवीन काही वाचायला घेतलं नाही. उरलेले आठवडे फक्त वेळ लावून लिहिण्याला दिले. आधी सुटे प्रश्न, नऊ मिनिटांचा गजर लावून, वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. मग अर्धा पेपर, मग पूर्ण पेपर रविवारी सकाळी अकराला. सजावटीला एकच पेन आणि एकच पट्टी उरली. शिवाय सविस्तर उत्तरं शेवटाला न ठेवता वस्तुनिष्ठ प्रश्नांनंतर लगेच घ्यायची, हात ताजा असतानाच, असं ठरवलं. प्रश्न क्रमांक नीट टाकले तर उत्तरांचा क्रम मागेपुढे झाला म्हणून बिघडत नाही.

नकाशाचा प्रश्न या धांदलीत मागे पडला. त्यात नकाशा छापलेला असतो आणि त्यावरून उत्तरं द्यायची असतात, पाठांतराची गरज नसते. पण सूची आधी वाचायची ही साधी सवय लागते. ती शेवटच्या आठवड्यात कशीबशी लावली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही असं मी म्हटलं नव्हतं. तसं सांगून कोणी ऐकत नाही. बारा प्रकरणांचे बारा कागद, त्यातला फक्त लाल भाग बघ, एवढं सांगितलं होतं. तिने तो बघितला आणि शीतयुद्धाचं पानही बघितलं.

निकाल

इतिहासात १०० पैकी ७२. गुणपत्रिकेवर विषयाचे गुण एकत्र येतात, लेखी आणि अंतर्गत वेगळे दिसत नाहीत. अंतर्गत भागात तिला चांगले मिळाले असणार, प्रकल्पाची वही तिच्या हातची होती. तरी तेवढे वजा केले तरी लेखीत सराव परीक्षेपेक्षा बरीच मजल मारलेली होती. पूर्ण पेपर लिहून झाला आणि शेवटी सात-आठ मिनिटं उरली, याचं तिला गुणांहून अप्रूप वाटलं.

सगळंच साधलं नाही. नकाशात दोन उत्तरं चुकल्याचं तिला बाहेर येऊन कळलं. या काळात अर्थशास्त्राकडे दुर्लक्ष झालं आणि तिथले गुण सहामाहीच्या मानाने थोडे उतरले.

निर्णयाचे टप्पे, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिला टप्पा उत्तरपत्रिकेचा. ती डिसेंबरात हाती आली. दिवाळीच्या सुट्टीआधीच मुलांना उत्तरपत्रिका दाखवल्या असत्या तर तिला पुरता महिना जास्त मिळाला असता, आणि तो महिना अर्थशास्त्राच्या कामी आला असता. नुसता गुणांचा आकडा सांगितला तर पालक क्लास शोधतात, उत्तरपत्रिका दाखवली तर रोग कळतो.

दुसरा टप्पा क्लासचा. या मुलीसाठी नकार बरोबर होता, कारण तिचा पहिला ढीग लहान होता. ज्याचा पहिला ढीग मोठा आहे, ज्याला प्रबोधन म्हणजे काय हेच कळलेलं नाही, त्याला कोऱ्या कागदासमोर बसवणं म्हणजे छळ आहे. त्याला आधी कोणीतरी शिकवलं पाहिजे, मग तो क्लास असो, शिक्षक असो की वरच्या वर्गातली ताई.

तिसरा टप्पा वेळेचा. गजर जानेवारीत आला, तो पहिल्या प्रकरणापासून हवा होता. निदान एक टीप रोज मोजून लिहिली असती तरी सराव परीक्षेचा धक्का बसला नसता. याविरुद्ध बाजूही आहे : आठवून लिहिणंच जड जात असताना त्यावर घड्याळ लावलं असतं तर तिने पहिल्याच आठवड्यात वही मिटली असती. माझा कल मधल्या मार्गाकडे आहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गजर लावावा.

चौथा टप्पा मैत्रिणीचा. उत्तरं अदलाबदल करून तपासणं ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक गोष्ट, आणि ती कोणी ठरवली नव्हती, आपोआप घडली. दोघींचं जमत होतं म्हणून जमलं. अभ्यासिकेत आता जोड्या लावायचा प्रयत्न चालू आहे आणि निम्म्या जोड्या गप्पांतच बुडतात, हेही सांगितलं पाहिजे.

दोन प्रकरणं टीपेपुरती करण्याच्या निर्णयावर मात्र घरात अजून एकमत नाही. मुलीच्या मते तो बरोबर होता, कारण शीतयुद्धाच्या त्या एका पानावरचं तिला पेपरात कामी आलं. मावशी म्हणते, क्लास लावला असता तर ती दोन्ही प्रकरणं पूर्ण झाली असती आणि ऐंशी कुठे गेले नव्हते. मावशीचा धाकटा यंदा अकरावीत आहे, आणि त्याची पहिली चाचणी झाली की उत्तरपत्रिका मागून आणायची जबाबदारी तिने त्याच्या ताईवर टाकली आहे.